कवळी आणि कल्याणकारी राज्य

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण दैवाचा लहरीपणा सांगण्यासाठी वापरली जाते. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांसमोर तारुण्यात दरिद्री आणि वार्धक्यात सुखवस्तू झालेला मनुष्य असावा. महाराष्ट्रातील श्रमिकाच्या बाबतीत ती अपुरी पडते. तारुण्यात त्याला दात होते, चणे नव्हते. साठी ओलांडल्यावर चणे नसतातच, दातही गेलेले असतात, आणि गेलेल्या दातांच्या जागी चांगली कवळी बसविण्याइतका पैसा त्याच्या गाठी कधी जमत नाही. दैवाचा संबंध येथे संपतो आणि अर्थव्यवस्थेचा सुरू होतो.

महागाई, बेरोजगारी, शेतमालाचे भाव अशा प्रश्नांच्या शेजारी कवळीचा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो क्षुल्लक वाटतो, कारण ज्यांना तो भोगावा लागतो ते त्याविषयी बोलत नाहीत. ज्वारी-बाजरीच्या भाकरीच्या कडा चावण्यासाठी दाढा लागतात. त्या नसल्या की भाकरी आमटीत, ताकात, आणि तेही नसेल तेव्हा चहात कुस्करून भिजत ठेवावी लागते. कच्चा कांदा, शेंगदाणे, हरभरा, काकडी, पेरू, सुके खोबरे, मटण हे पदार्थ एकेक करून ताटातून निघून जातात. गरिबाच्या आहारातील कस ज्या पदार्थांत असतो, त्यांतले पुष्कळसे नेमके चावून खाण्याचे आहेत. मागे उरतो तो मऊ भात, पेज आणि चहात बुडवलेले बिस्कीट. मधुमेह जडलेल्या वृद्धाला डॉक्टर भात आणि बिस्कीट वर्ज्य करावयास सांगतात, तेव्हा त्याने खावे काय, या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

आहाराइतकीच हानी बोलण्याची आणि वावरण्याची होते. समोरचे दात गेले की दंत्य वर्ण उच्चारता येत नाहीत. बोललेले दुसऱ्याला समजेनासे झाले की माणूस बोलणे कमी करतो. स्त्रिया तोंडावर पदर धरून बोलू लागतात. लग्नाच्या पंगतीला बसण्याचे टाळले जाते. ज्या हमालाने वा ऊसतोड कामगाराने आयुष्यभर सभांतून घोषणा दिल्या, तो म्हातारपणी मागच्या रांगेत बसून राहतो, आणि त्याचा उत्साह मावळला असे कार्यकर्ते समजतात. कुटुंबाच्या खर्चाच्या रांगेत नातवाची फी, सुनेचे बाळंतपण, बियाणे आणि कर्जाचा हप्ता यांच्या मागे कवळी शेवटी उभी असते. ‘आता या वयात दात कशाला?’ हे घरातले कोणी तोंडावर म्हणत नाही. म्हातारी स्वतःच स्वतःला तसे विचारते आणि गप्प बसते. दुखणे जिवावरचे असते तर घराने कर्ज काढले असते. दातांवाचून कोणी मरत नाही, या समजुतीवर सारे निभावते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातील साठ वर्षांवरील माणसांपैकी सुमारे २३ टक्के माणसांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे २०११ च्या जनगणनेतच एक कोटीहून अधिक होती. दात जाण्याचे मूळ वयात आहे असे मानण्याची रूढी आहे. वस्तुतः वयाने दात पडत नाहीत. ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने पडतात, आणि दोन्ही टाळता येण्याजोगे व वेळीच उपचार केल्यास थांबविता येण्याजोगे आहेत. प्रौढांच्या तंबाखू सेवनाविषयी २०१६-१७ मध्ये जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले त्यात महाराष्ट्रातील २४ टक्क्यांहून अधिक प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले. रिकाम्या पोटी काम रेटताना भूक मारण्यासाठी तंबाखूचा बार भरणारा मजूर आणि पहाटे मिश्रीने हिरड्या घासणारी बाई ही यातली माणसे आहेत. व्यसनाचा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे आहे. भुकेवर तंबाखू हा भाकरीपेक्षा स्वस्त उपाय ठरतो, ही परिस्थिती कोणी निर्माण केली, हे विचारणे तितकेसे सोपे नाही.

दुखरी दाढ घेऊन हा मजूर सरकारी दवाखान्यात जातो तेव्हा बहुधा ती काढली जाते. दाढ वाचविण्यासाठी मुळापर्यंत उपचार करावे लागतात, त्यासाठी तीन-चार वेळा यावे लागते आणि वर टोपी बसवावी लागते. ते करायचे तर खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजावे लागतात. काढून टाकणे एका बैठकीत, जवळजवळ फुकट होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते. रोजंदारीवर जगणाऱ्याने काढून घेण्याचा निर्णय घेतला तर त्यात अज्ञान नाही, हिशेब आहे. अशा वीस-पंचवीस हिशेबांची बेरीज म्हणजे बोळके तोंड. दात काढण्यापुरते शासन आणि दात बसविण्यासाठी बाजार, अशी ही श्रमविभागणी आहे. ती कोणी ठरविली असे विचारले तर कोणाचेही नाव पुढे येत नाही.

आता या बाजाराचा हिशेब पाहू. खासगी दवाखान्यात दोन्ही जबड्यांची साधी, पण नीट बसणारी कवळी घ्यावयाची तर दहा-पंधरा हजार रुपये लागतात. मोठ्या शहरांत आणि उंची दातांसाठी याच्या कितीतरी पट. श्रावणबाळ योजनेखालील निराधार वृद्धाला २०२३ मध्ये वाढविलेल्या दराने मासिक १,५०० रुपये मिळू लागले. केंद्र सरकारचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा ऐंशीच्या आतील व्यक्तीसाठी २०० रुपयांवर वर्षानुवर्षे थिजला. कारखान्यांतून आणि महामंडळांतून निवृत्त झालेल्यांची १९९५ ची निवृत्तिवेतन योजना घ्या: तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत ती एका रुपयानेही वाढली नाही. म्हणजे ज्याने आयुष्यभर वर्गणी भरली, त्या कामगाराने पूर्ण वर्षाचे निवृत्तिवेतन न खाता साठविले तर वर्षाअखेरीस त्याला खाण्यासाठी दात मिळतील. डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ मध्ये लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला, तेव्हा सरासरीच्या आकड्यांआड लपलेली माणसे त्यांनी सभागृहासमोर आणली होती. आजही दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत ही कवळी सहज बसते. अडते ती प्रत्यक्ष तोंडात.

किंमत इतकी का, याचाही विचार व्हावयास हवा, कारण ‘वस्तूच महाग आहे, सरकार काय करणार’ हा युक्तिवाद हमखास होतो. कवळीचा माल महाग नाही. एकोणिसाव्या शतकात रबरापासून कवळी बनविण्याची कृती निघाली आणि हस्तिदंत व सोने वापरणाऱ्या श्रीमंतांची मक्तेदारी मोडली. पण अमेरिकेत त्या कृतीचे एकस्व एका कंपनीच्या हाती गेले व ती प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचा कर उकळू लागली. वसुलीचा हा जाच इतका वाढला की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एका दंतवैद्याने त्या कंपनीच्या खजिनदाराला गोळी घालून ठार केले. १९३० नंतरच्या दशकात अ‍ॅक्रिलिक आले आणि रबर मागे पडले. आज वापरले जाणारे अ‍ॅक्रिलिक, तयार दातांचा संच, प्लास्टर, मेण यांवर कोणाची मक्तेदारी उरलेली नाही आणि एकूण किमतीत त्यांचा वाटा लहान आहे. मोठा वाटा श्रमाचा आहे: दंतवैद्याच्या वेळेचा, तंत्रज्ञाच्या हातांचा आणि जागेच्या भाड्याचा.

चांगली कवळी आणि वाईट कवळी यांतील भेदही याच श्रमात आहे. प्रथम तोंडाचे ढोबळ माप घ्यावे लागते; त्यावरून त्या माणसापुरता खास साचा बनवून दुसरे, बारकाईचे माप घेतले जाते. मग दोन्ही जबडे मिटल्यावर त्यांच्यातले अंतर आणि त्यांचा परस्परसंबंध ठरविला जातो. त्यानंतर मेणावर दात मांडून कवळी तोंडात घालून पाहतात, बोलावयास लावतात, ओठांची ठेवण बघतात. आणि शेवटी पक्की कवळी देतात. ती दिल्यानंतर काम संपत नाही. हिरडी जेथे दुखेल तेथे घासून देण्यासाठी आणखी दोन-तीन वेळा यावे लागते. दात गेलेल्या जबड्याचे हाड झिजत राहते. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. त्यामुळे आज घट्ट बसलेली खालची कवळी काही वर्षांत डुगडुगू लागते, तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते आणि पाच-सात वर्षांनी बहुधा बदलावीच लागते. यांतली एकेक पायरी गाळली की किंमत उतरते आणि त्याबरोबर कवळीचा उपयोगही. स्वस्तातली कवळी तोंडात टोचते, बोलताना खाली येते, घास चावताना उलटते. महिनाभरात ती पाण्याच्या वाटीत आणि तेथून ट्रंकेतल्या डबीत जाते. गावोगावच्या घरांतून अशा डब्या आहेत. कागदोपत्री त्या घरातील वृद्धाला दात आहेत.

सात-आठ खेपांचा खर्च दवाखान्याच्या पावतीवर दिसत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ मध्ये मोफत झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण म्हाताऱ्या माणसाला एकट्याने तालुक्याला वा जिल्ह्याला पाठविता येत नाही. सोबत जाणाऱ्या मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कोणत्याही योजनेत धरलेली नसते. म्हणून गरीब माणूस जवळचा मार्ग शोधतो. शहरांच्या पदपथांवर पथारी टाकून बसलेले कारागीर जागीच घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिक हिरडीवर लावून तासाभरात दात बसवून देतात. त्या रसायनाने हिरड्या पोळतात आणि शेजारचे राहिलेले दातही निकामी होतात. त्यांना भोंदू म्हणून हाकलून देणे पोलिसांना जमते. परंतु ज्याच्याकडे तीनशे रुपये आणि एकच मोकळा दिवस आहे अशा माणसाने कोठे जावे, हे सांगणे पोलिसांचे काम नाही; ज्यांचे आहे त्यांनी ते सांगितलेले नाही. पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून चिनी दंतवैद्यांची दुकाने असत आणि पिढीजात शिकलेल्या त्यांच्या हातच्या कवळ्या पुष्कळ गिरणी कामगारांनी वापरल्या. पदवी नसलेल्या, पण आधीपासून व्यवसाय करणाऱ्या माणसांची नोंद दंतवैद्यक कायद्याने वेगळ्या विभागात करून घेतली होती. ती पिढी सरली आणि तिची जागा सार्वजनिक सेवेने घेतली नाही.

शासनाच्या योजना पाहिल्या तर कवळी हा शब्द अगदीच अपरिचित आहे असे नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना द्यावयाच्या साधनांत काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा यांच्या पंक्तीला कवळीही आहे. यादीत तिचा समावेश करणाऱ्याचे आभार मानावयास हवेत. पण एका शिबिरात तपासणी आणि दुसऱ्या शिबिरात वाटप, ही त्या योजनेची रीत आहे. काठी मापाने मिळते, खुर्ची कारखान्यातून येते. कवळी ही एकाच तोंडासाठी घडवावी लागते आणि तिची देखभाल वर्षानुवर्षे करावी लागते. मांडव उठल्यावर तिच्या टोचण्याची तक्रार कोणाकडे करावयाची? महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला साधने घेण्यासाठी एकदाच तीन हजार रुपये देऊ केले. तिच्या जाहीर यादीत चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा आहे. कवळीचे नाव नाही. असते तरी तीन हजारांत दोन्ही जबड्यांची नीट कवळी येत नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवलेले आहे. पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणाऱ्या महात्मा जोतिराव फुले आणि आयुष्मान भारत या योजनांचा पिंडच रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांचा आहे. तंबाखूने कर्करोग झाला तर जबडा कापण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. त्याच तंबाखूने नुसते दात गेले तर त्या योजनेचे कार्ड निरुपयोगी आहे.

याच्या उलट डोळ्यांचे उदाहरण आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याचे तंत्र आले तेव्हा तेही शासनाने स्वीकारले आणि आज खेड्यातील म्हातारीला सरकारी रुग्णालयात भिंग मोफत मिळते. ते भिंगही शरीराचा कृत्रिम भागच आहे. ते कोणा साथीच्या रोगाला आळा घालत नाही. त्याचा लाभ त्या एका व्यक्तीलाच होतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील व्याख्येप्रमाणे ती ‘खासगी वस्तू’ ठरावी. तरीही तिचा भार समाजाने उचलावा असे ठरले, लक्ष्ये ठरली, माणसे नेमली गेली आणि काम झाले. डोळ्यासाठी जे तत्त्व मान्य होते ते तोंडासाठी अमान्य असण्याला शास्त्रीय आधार नाही. कोणती उणीव सार्वजनिक आणि कोणती खासगी, हे राजकारण ठरविते.

कवळीवरून राजकारण किती पेट घेऊ शकते हे ब्रिटनने पाहिले आहे, आणि समाजवादी चळवळीतील माणसाने तो इतिहास विसरू नये. १९४८ या एकाच वर्षी दोन देशांत दातांसंबंधी कायद्यांचा अंमल सुरू झाला. मार्चमध्ये स्वतंत्र भारताचा दंतवैद्यक कायदा आला. ५ जुलै रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. भारतीय कायद्याने दंतवैद्य कोणाला म्हणावे हे ठरविले. ब्रिटिश कायद्याने दंतवैद्य कोणाला मिळावा हे ठरविले. आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन हे वेल्समधील खाणकामगाराचे पुत्र आणि स्वतः बालवयापासून खाणीत राबलेले. त्या भागांत लग्नाआधी मुलीचे सारे दात काढून कवळी बसविण्याची चाल होती असे सांगतात. पुढे नवऱ्याला खर्च नको, म्हणून ती माहेरची भेट समजली जाई. सेवा सुरू झाल्याबरोबर चष्मे आणि कवळ्या यांसाठी इतकी झुंबड उडाली की सरकारचे सारे अंदाज कोसळले. विरोधकांनी याला फुकटेपणा म्हटले. वस्तुतः ती गरज कित्येक दशके तुंबलेली होती. ती पैशाच्या रूपाने बाजारात कधी उतरली नव्हती, म्हणून अर्थतज्ज्ञांना दिसली नव्हती.

१० एप्रिल १९५१ रोजी ह्यू गेटस्केल यांनी मजूर सरकारचा अर्थसंकल्प मांडला. कोरियाच्या युद्धामुळे तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांच्या शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम सरकारने स्वीकारला होता. खर्चाची तोंडमिळवणी करताना गेटस्केल यांनी कवळ्या आणि चष्मे यांच्या खर्चाचा निम्मा भार रुग्णावर टाकला. त्यातून पूर्ण वर्षात अपेक्षित उत्पन्न होते २ कोटी ३० लाख पौंड. गेटस्केल हे अर्थशास्त्राचे माजी अध्यापक, सचोटीचे गृहस्थ. आकड्यांत त्यांची चूक दाखविणे कठीण होते. बेव्हन यांचा आक्षेप आकड्यांच्या पलीकडचा होता. सेवा घेताना पैसे न मागणे हा तिचा पाया आहे, आणि तो एकदा कवळीपाशी खचला की पुढे कोठेही खचेल, असे त्यांचे म्हणणे. त्याच महिन्यात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये मजूर पक्षाने सत्ता गमावली, विरोधकांपेक्षा अधिक मते मिळवूनही. नंतर आलेल्या चर्चिल सरकारनेच शस्त्रसज्जतेचा तो कार्यक्रम ठरल्या वेळेत पुरा होणारा नाही हे ओळखून लांबविला. ज्या खर्चासाठी कवळीवर कर बसविला तो खर्च पुरता झालाच नाही. कर मात्र राहिला, आणि १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीलाही शुल्क लागू झाले.

बेव्हन यांची भीती खरी ठरली, पण पूर्णांशाने नाही. अर्धवट का होईना, सार्वजनिक सेवा टिकली. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ साली ३७ टक्के प्रौढांना एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा त्यात मोठा वाटा आहे, तसाच परवडणाऱ्या दंतसेवेचाही. दुसऱ्या बाजूने, २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये कवळीसाठीचे शुल्क तीनशे पौंडांहून अधिक झाले, आणि ते भरण्याची तयारी असूनही सरकारी सेवेतील दंतवैद्य मिळत नाही अशी तेथील पुष्कळ जिल्ह्यांची तक्रार आहे.

संपन्न अमेरिकेत वृद्धांच्या १९६५ च्या आरोग्य विम्यातून दातांचा सामान्य उपचार कायद्यानेच वगळला गेला. बर्नी सँडर्स यांनी २०२१ मध्ये तो समाविष्ट करण्यासाठी झुंज दिली, ती अपुरी पडली. शेजारच्या कॅनडात मात्र निराळे घडले. तेथील न्यू डेमोक्रॅटिक पक्ष या लोकशाही समाजवादी पक्षाला २०२१ च्या निवडणुकीत अवघ्या २५ जागा मिळाल्या होत्या. मार्च २०२२ मध्ये अल्पमतातील लिबरल सरकारला पाठिंबा देताना त्याने दंतसेवेची अट घातली. मंत्रिपदे मागितली नाहीत. त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेखाली मे २०२४ मध्ये प्रथम वृद्धांवर उपचार सुरू झाले आणि कवळीचा खर्चही तीत धरला गेला. २०२५ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या जागा सातवर आल्या, हेही सांगितले पाहिजे. मतदाराने कृतज्ञता दाखविली नाही. कवळ्या मात्र मिळाल्या. छोट्या पक्षांनी सत्तेच्या वाटाघाटीत काय मागावे, याविषयी महाराष्ट्रात जे चालते त्याच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. केरळमध्ये ‘मंदहासम’ या योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना कवळीसाठी दहा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. कर्नाटकाने ‘दंतभाग्य’ योजना आणून दंत महाविद्यालयांकडून मोफत कवळ्या करवून घेतल्या. दोन्ही योजनांत उणिवा असतील. पण सीमेपलीकडे निपाणीच्या विडी कामगार बाईला जे मागता येते ते अलीकडे कागलच्या बाईला मागता येत नाही, ही स्थिती महाराष्ट्राला भूषणावह नाही.

बालकांचे कुपोषण आणि क्षयरोग शिल्लक असताना कवळीवर पैसा खर्च करणे कितपत योग्य, असा प्रश्न चळवळीतील प्रामाणिक माणसेही विचारतात. प्रश्न गंभीर आहे, पण त्याची मांडणी सदोष आहे. एका गरिबाची गरज नेहमी दुसऱ्या गरिबाच्या गरजेशी तोलली जाते. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात श्रीमंताची सवलत कधी ठेवली जात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर घटविला तेव्हा वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडले जात असल्याचे सरकारनेच सांगितले. त्या वेळी कुपोषणाची आठवण कोणी करून दिली नाही. केरळचा दहा हजारांचा दर धरला तर वर्षाला एक लाख वृद्धांना कवळ्या देण्याचा खर्च शंभर कोटी रुपये होतो. महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात आहे.

माणसांची कमतरता हेही कारण टिकणारे नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, त्यांतली बहुसंख्य खासगी; दरवर्षी वीस हजारांहून अधिक दंतवैद्य त्यांतून बाहेर पडतात आणि त्यांतल्या कित्येकांना शहरांत काम मिळत नाही. शिक्षण महाग घेतलेले, म्हणून खेड्यात जाणे परवडत नाही; खेड्यात दंतवैद्य नाही, म्हणून तोंडे रिकामी. हा बाजाराचा समतोल आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात कवळी अल्प दरात होते, आणि विद्यार्थी व अध्यापक मिळून ती बहुधा चांगलीही करतात. पण गडचिरोलीच्या वृद्धाने नागपूरला सात वेळा कसे जावे? कवळ्या बनविण्याचा ठरावीक अनुभव घेतल्याखेरीज दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिक्षण पुरे करता येत नाही. म्हणजे गरिबाचे तोंड महाविद्यालयाला हवेच आहे. शासनाच्या परवानगीने आणि बऱ्याच ठिकाणी शासनाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या खासगी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातील वृद्धांना मोफत कवळ्या द्याव्यात, साहित्याचा खर्च शासनाने भरावा, अशी मागणी करण्यात काहीच गैर नाही.

मागणी करताना मात्र नुसते वाटप मागू नये. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक दंत तंत्रज्ञ आणि कवळी बनविण्याची लहान प्रयोगशाळा. दंतवैद्याचे ठरावीक वार. कवळी दिल्यानंतर वर्षभर दुरुस्तीची हमी आणि पाच वर्षांनी नवी. सोबत येणाऱ्याला एका दिवसाच्या किमान वेतनाइतका भत्ता, असे मागणीचे स्वरूप असावे. खालच्या जबड्यात हाडात दोन खुंट्या बसवून त्यांवर कवळी अडकविण्याची पद्धत ही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिल्या पसंतीची मानावी, असे मत मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने दिले होते. तिचा खर्च आज सुखवस्तू मध्यमवर्गालाही जड जातो. ज्याला साधी कवळी नाही त्याच्यासाठी तिची गोष्ट काढणे कोणाला अव्यवहारी वाटेल. पण ज्यांचा जबडा पार झिजला आहे अशांपुरती तरी ती शासकीय महाविद्यालयांतून मिळावी. गरिबासाठी कालचे शास्त्र आणि श्रीमंतासाठी आजचे, ही वाटणी मान्य करण्याची घाई समाजवाद्यांनी करू नये. माथाडी मंडळांकडे १९६९ च्या कायद्याने आलेला निधी आणि यंत्रणा आहे, तेथून आरंभ करणे शक्य आहे. जिल्हा परिषदांच्या स्वउत्पन्नातील मागासवर्गीय कल्याणाचा २० टक्के वाटाही दरवर्षी कशावर खर्ची पडतो हे तपासण्याजोगे आहे. डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या वतीने २०१२ पासून किमान वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची जी मागणी लावून धरली, तिच्याशी ही मागणी जोडून घेता येईल.

विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनापूर्वी तालुका शाखांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या गावातील साठ वर्षांवरील किती स्त्री-पुरुषांना दात नाहीत, किती जणांनी कवळी केली, तीवर किती खर्च आला, आणि ती तोंडात आहे की डबीत, याची घरोघर जाऊन नोंद करावी. त्याबरोबर आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन दंतचिकित्सेची खुर्ची आहे का, ती चालू आहे का, दंतवैद्याचे पद भरलेले आहे की रिक्त, आणि गेल्या वर्षभरात तेथे किती दात काढले गेले व किती बसविले गेले, हे लेखी विचारावे. शेवटच्या दोन आकड्यांची उत्तरे माहितीच्या अधिकाराखाली तीस दिवसांत मिळावयास हवीत.